गिटारच्या सहा तारा, सात नावे

नवशिक्या वादकांसाठी व त्यांच्या पालकांसाठी काही मार्गदर्शन



परीक्षा संपून सुट्टी लागली की घरोघरी मुलांना काहीतरी नवे शिकविण्याचा विचार सुरू होतो. त्यात गिटारचा क्रम बराच वर असतो. वाद्य फार महाग नाही, ते खांद्याला लावून कुठेही नेता येते आणि धर्मग्रामाच्या गायनमंडळात त्याला मागणीही असते. उत्साहाने गिटार घरी येते. पहिले दोन आठवडे तारा झंकारत राहतात. पुढे मात्र अनेक घरांत ती कपाटावर जाते व तेथेच राहते. मुलाला संगीताची आवड नाही, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो.

आमच्या मते या निष्कर्षाची घाई होते. सुरुवातीच्या काळात मुलांना नाउमेद करणारी गोष्ट बोटांना होणारी वेदना ही जेवढी आहे, तेवढीच नावांचा गोंधळ हीदेखील आहे. सहा तारा, त्यांचे क्रमांक, त्यांची इंग्रजी अक्षरनावे, शिवाय प्रत्येक तारेवर बदलणारे स्वर हे सारे एकदम पुढ्यात येते व पाठ होत नाही. वस्तुतः यात पाठ करण्यासारखे फार थोडे आहे. एक वाक्य आणि एक नियम एवढे ध्यानात घेतले, तर उरलेले सारे त्यातूनच निघते. ते वाक्य व तो नियम समजावून सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तारांचे क्रमांक

प्रथम क्रमांक पाहू. सर्वांत बारीक तारेला पहिली तार म्हणतात व सर्वांत जाड तारेला सहावी. गिटार हातात धरली असता जाड तार वादकाच्या हनुवटीकडे असते व बारीक तार जमिनीकडे. त्यामुळे मुले स्वाभाविकपणे वरून मोजू लागतात आणि जाड तारेला पहिली म्हणतात. हा समज पहिल्याच दिवशी दूर करावा.

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेमुळे होतो. ‘वरची तार’ असे म्हटले की हनुवटीजवळची तार डोळ्यांपुढे येते, परंतु ‘वरचा स्वर’ म्हणजे उंच स्वर, आणि तो तर खालच्या, बारीक तारेतून निघतो. म्हणून शिकविणाऱ्याने ‘वर-खाली’ हे शब्द टाळून ‘जाड-बारीक’ असे बोलावे, किंवा सरळ क्रमांकच सांगावा. चर्चमध्ये सराव चालू असताना तर क्रमांकाचा फायदा अधिकच जाणवतो. बी, डी, जी, ई ही चारही नावे कानाला जवळजवळ सारखीच लागतात. गडबडीत ‘बी’ म्हटलेले ‘डी’ ऐकू येते. ‘दोन नंबरची तार’ म्हटल्यावर तशी चूक होत नाही.

तारांची नावे

पाश्चात्त्य संगीतात स्वरांना सातच अक्षरनावे आहेत: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. जी नंतर पुन्हा ए येतो. गिटारच्या सहा मोकळ्या तारा, म्हणजे बोटाने न दाबता वाजविलेल्या तारा, जाडीकडून बारीककडे अशा लावलेल्या असतात:

सहावी तार: ई
पाचवी तार: ए
चौथी तार: डी
तिसरी तार: जी
दुसरी तार: बी
पहिली तार: ई

इंग्रजी पुस्तकांत ही नावे लक्षात राहावीत म्हणून निरनिराळी वाक्ये दिलेली असतात. ज्या मुलाचे घरचे बोलणे मराठी आहे, त्याला आधी ते इंग्रजी वाक्य पाठ करावे लागते व मग त्यातून नावे शोधावी लागतात. हा दुहेरी भार कशासाठी? आम्ही येथे एक मराठी वाक्य सुचवितो:

ईस्टरला एक डबा जपून बांध, इनास.

प्रत्येक शब्दाचा पहिला उच्चार घ्यावा: ई, ए, ड, ज, ब, इ. म्हणजेच ई, ए, डी, जी, बी, ई. इनास हे नाव वसईकरांना परके नाही आणि ईस्टरचा डबा तर कुणालाच नाही. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करू नये, कारण येथे आपल्याला कानाने जायचे आहे. याच कारणासाठी हे वाक्य रोमन लिपीत कधीही लिहू नये. रोमन लिपीत ‘एक’ हा शब्द ई या अक्षराने लिहितात आणि ‘इनास’ आय या अक्षराने. तसे लिहिले की मुलाने पाठ केलेले सारे उलटेसुलटे होईल. वाक्य बोलावे व ऐकावे, लिहायचेच असेल तर देवनागरीतच लिहावे.

हे वाक्य आवडले नाही तर प्रत्येक घराने आपले स्वतःचे वाक्य रचावे. मुलाने स्वतः रचलेले वाक्य, मग ते कितीही गमतीदार असो, आम्ही दिलेल्या वाक्यापेक्षा अधिक काळ टिकेल. मात्र वाक्य एकच असावे. बारीककडून जाडीकडे येताना दुसरे वाक्य पाठ करण्याचा मोह टाळावा. दोन वाक्ये झाली की कोणते कोणत्या दिशेचे, हाच प्रश्न उरतो. उलट दिशेने नावे सांगायची असतील तर तीच नावे मागून पुढे म्हणण्याचा सराव करावा: ई, बी, जी, डी, ए, ई.

नावाला नाद हवा

नुसते वाक्य पाठ होणे म्हणजे तार ओळखणे नव्हे. प्रार्थना तोंडपाठ असलेल्या लहान मुलाला तिचा अर्थ कळलेला असतोच असे नाही. तसेच हेही आहे. म्हणून तार वाजविताना तिचे नाव मोठ्याने म्हणावे व शक्य तर त्याच स्वरात गावे. हात तार शोधतो, डोळा ती पाहतो, कान नाद ऐकतो आणि तोंड नाव घेते. चार वाटांनी आत गेलेली गोष्ट एका वाटेने गेलेल्या गोष्टीपेक्षा पक्की बसते.

यासाठी गिटार सुरात लागलेली असणे अत्यावश्यक आहे. बेसूर गिटारवर कान चुकीचा नाद शिकतो. आज मोबाइलवर किंवा दांडीला चिमट्यासारख्या बसणाऱ्या छोट्या ट्यूनरवर सूर तपासता येतो. तार छेडली की पडद्यावर तिचे अक्षर उमटते. सरावाच्या आरंभी खुंट्या पिळून सहाही तारा लावणे हाच नावांचा पहिला पाठ समजावा.

ट्यूनर जवळ नसेल तर एक जुनी पद्धत उपयोगी पडते, व ती स्मरणालाही मोठे साहाय्य करते. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या पडद्यांसारखेच त्यांचे काम. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की ए स्वर निघतो. तोच पाचव्या मोकळ्या तारेचा स्वर. पाचवी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की डी, म्हणजे चौथी मोकळी तार. चौथी तार पाचव्या फ्रेटवर जी देते, म्हणजे तिसरी मोकळी तार. येथे मात्र एक अपवाद आहे. तिसरी तार पाचव्याऐवजी चौथ्या फ्रेटवर दाबावी, तेव्हा दुसऱ्या तारेचा बी मिळतो. मग पुन्हा दुसरी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पहिल्या तारेचा ई. ‘पाच, पाच, पाच, चार, पाच’ एवढे ध्यानात ठेवले की एका तारेवरून सगळी गिटार लावता येते.

हा अपवाद उगाच आलेला नाही. सर्वत्र पाचचेच अंतर ठेवले असते तर पहिली तार ई ऐवजी एफ झाली असती. एक अंतर थोडे कमी केल्यामुळे दोन्ही टोकांच्या तारांचे नाव एकच राहते व डाव्या हाताला कॉर्ड धरणे सोपे जाते. सहावी मोकळी तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने देते आणि पहिली सुमारे ३३०, म्हणजे चौपट. नाव तेच, परंतु पहिली तार दोन सप्तके वर.

कंपनसंख्येची आणखी एक खूण सांगावीशी वाटते. १९३९ साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ए स्वरासाठी सेकंदाला ४४० कंपने हे माप ठरविले. ट्यूनरवर ४४० हा आकडा दिसतो तो त्यामुळे. गिटारची पहिली तार पाचव्या फ्रेटवर दाबली की नेमका हाच ए मिळतो. पाचवी मोकळी तार त्याच्या दोन सप्तके खाली, ११० कंपनांवर असते.

हार्मोनियमवाल्यांसाठी

आपल्या अनेक घरांत गिटारच्या आधी हार्मोनियम आलेली आहे. ज्यांना पेटी येते त्यांनी तारांची नावे नव्याने पाठ करण्याऐवजी पट्ट्यांशी जोडावीत. सी म्हणजे पांढरी १, डी म्हणजे पांढरी २, ई म्हणजे पांढरी ३, एफ म्हणजे पांढरी ४, जी म्हणजे पांढरी ५, ए म्हणजे पांढरी ६ आणि बी म्हणजे पांढरी ७. म्हणजे गिटारच्या तारा, जाडीकडून बारीककडे, अशा झाल्या: पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २, पांढरी ५, पांढरी ७ आणि पुन्हा पांढरी ३.

येथे एक सावधगिरी हवी. सी म्हणजे सा, असे समीकरण पुष्कळ जण शिकवितात. ते पूर्णांशाने खरे नाही. आपला सा हा फिरता आहे. गायकाच्या गळ्याला जी पट्टी मानवेल तेथे तो बसतो. सी मात्र स्थिर आहे, तो आपली जागा सोडीत नाही. पांढरी १ मध्ये गाताना सी हा सा होतो, तर पांढरी ५ मध्ये गाताना जी हा सा होतो आणि तोच सी मग मध्यम होऊन बसतो. नावे शिकताना हा भेद लक्षात ठेवला तर पुढे गायकाशी बोलताना गोंधळ होत नाही.

एकच नियम

आता मूळ स्वरांकडे वळू. एका सप्तकात बारा अर्धस्वर असतात आणि गिटारवर एक फ्रेट पुढे जाणे म्हणजे एक अर्धस्वर वर जाणे. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते व मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर ऐकू येतो. बारा जागा आणि अक्षरनावे सात, तेव्हा काही नावांच्या मध्ये एक जागा मोकळी राहणार हे उघड आहे. या मधल्या जागा म्हणजेच शार्प किंवा फ्लॅट स्वर. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या.

नियम असा: बी व सी हे शेजारी आहेत, ई व एफ हेही शेजारी आहेत, बाकी सर्व नावांमध्ये एका फ्रेटची जागा सोडावी लागते.

पेटीकडे पाहिले की हा नियम डोळ्यांना दिसतो. पांढरी ३ व पांढरी ४ यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. पांढरी ७ व पुढची पांढरी १ यांच्यामध्येही नाही. उरलेल्या प्रत्येक जोडीमध्ये काळी पट्टी आहे. नवशिक्याने हा एक नियम पक्का केला की त्याला फ्रेटवरील स्वर पाठ करावे लागत नाहीत. तो ते मोजून काढू शकतो, आणि काही दिवसांनी मोजण्याचीही गरज उरत नाही.

पहिल्या तीन फ्रेटमधील मूळ स्वर या नियमाने काढून पाहू.

सहावी तार ई. ई च्या शेजारीच एफ, म्हणून तो पहिल्या फ्रेटवर. एफ नंतर जागा सोडून जी, म्हणून तो तिसऱ्या फ्रेटवर.
पाचवी तार ए. जागा सोडून बी, दुसऱ्या फ्रेटवर. बी च्या शेजारी सी, तिसऱ्या फ्रेटवर.
चौथी तार डी. जागा सोडून ई, दुसऱ्या फ्रेटवर. ई च्या शेजारी एफ, तिसऱ्या फ्रेटवर.
तिसरी तार जी. जागा सोडून ए, दुसऱ्या फ्रेटवर. पुढचा बी चौथ्या फ्रेटवर येईल, पण तो दुसऱ्या मोकळ्या तारेवर मिळतोच.
दुसरी तार बी. शेजारी सी, पहिल्या फ्रेटवर. जागा सोडून डी, तिसऱ्या फ्रेटवर.
पहिली तार ई. सहाव्या तारेसारखेच: एफ पहिल्या फ्रेटवर, जी तिसऱ्या फ्रेटवर.

मोकळ्या तारा धरून हे एकूण सतरा स्वर झाले. सतरा गोष्टी पाठ करा म्हटले की मूल घाबरते. पण नीट पाहिले तर यात तीनच घडणी आहेत. सहावी, दुसरी व पहिली या तारांवर ‘मोकळी, एक, तीन’. पाचवी व चौथी या तारांवर ‘मोकळी, दोन, तीन’. आणि तिसऱ्या तारेवर ‘मोकळी, दोन’. ज्या तारा ई किंवा बी यांच्या आहेत, त्यांचा शेजारी लगेच येतो. ए व डी यांच्या तारांवर तो एक पाऊल पुढे येतो. जी च्या तारेवर तो तीन फ्रेटच्या आत येतच नाही. कारण समजले की घडण विसरत नाही.

यानंतर पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून सुरुवात करून पुढील स्वर क्रमाने वाजवावेत: पाचव्या तारेवर सी; चौथ्या तारेवर मोकळा डी, दुसऱ्या फ्रेटवर ई, तिसऱ्यावर एफ; तिसऱ्या तारेवर मोकळा जी, दुसऱ्या फ्रेटवर ए; दुसऱ्या तारेवर मोकळा बी, पहिल्या फ्रेटवर सी. पांढरी १ मधील सा रे ग म प ध नी सा हेच होय. एकदा अक्षरनावे घेत व एकदा सरगम गात वाजविले की दोन्ही भाषा एकत्र मनात उतरतात.

एका मठवासीयाची युक्ती

स्वर लक्षात राहावेत यासाठी युक्ती शोधण्याची परंपरा ख्रिस्तसभेत फार जुनी आहे. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो येथे ग्वीदो नावाचे बेनेडिक्टाइन मठवासी होऊन गेले. त्या काळी उपासनेतील गीते ऐकून ऐकूनच शिकावी लागत व त्यांत वर्षेच्या वर्षे जात. ग्वीदो यांनी संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाचे एक परिचित स्तोत्र निवडले. त्यातील पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. त्या सहा चरणांची आद्याक्षरे घेऊन त्यांनी स्वरांना नावे दिली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढे सातवे नाव ‘सी’ जोडले गेले आणि ‘उत्’च्या जागी ‘दो’ आले. पूर्वी ज्यास दहा वर्षे लागत ते आपले विद्यार्थी एक-दोन वर्षांत शिकतात, असे ग्वीदो यांचे म्हणणे होते. हाताच्या बोटांच्या पेरांवर स्वरांची नावे मोजण्याची पद्धतही मध्ययुगात त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली.

ग्वीदो यांनी जे केले त्यातील मर्म आपल्याही कामाचे आहे. विद्यार्थ्यांना जे आधीच पाठ होते, त्यालाच त्यांनी नवी गोष्ट बांधली. आपल्या ईस्टरच्या डब्याचे वाक्य त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की ग्वीदो यांच्या चरणांत नाव आणि नाद दोन्ही एकत्र होते, आपल्या वाक्यात केवळ नाव आहे. नाद आपल्याला तारेतून मिळवावा लागतो.

ही नावे समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरवाचन व व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिक्षणाचे मोल विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीला कळले. लिहिलेले स्वर पाहून वाजवू शकणारे वादक ध्वनिमुद्रणासाठी हवे होते आणि गोव्याच्या वादकांना ते लहानपणापासून येत होते. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे माजोर्डे गावचे. या पिढीची बोटे तरबेज होतीच, परंतु वाजणाऱ्या प्रत्येक स्वराचे नाव त्यांना ठाऊक होते आणि त्यामुळे ते अनोळखी वादकांच्या मेळ्यातही पहिल्याच दिवशी बसू शकत.

नावे न शिकल्यास काय बिघडते?

काही पालक विचारतील: बोटे कुठे ठेवायची हे कळले, चार कॉर्ड आल्या, गाणे वाजू लागले, मग नावांचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. एकट्याने खोलीत वाजवायचे असेल तर नावांवाचून काही काळ निभावतेही. अडते ते दुसऱ्याबरोबर वाजविताना.

गायनमंडळाचे उदाहरण घेऊ. व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जी सनद प्रसिद्ध केली, तिने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि त्याबरोबरच, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने, पवित्र उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. आज मराठी मिस्सामध्ये कुठे पेटी-तबला असतो, कुठे कीबोर्ड, कुठे गिटार, कुठे हे सर्व एकत्र. अशा वेळी गायिकेला पट्टी उंच वाटते व ती काळी १ मागते. गिटारवादक दांडीवर पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावतो आणि नेहमीचीच सी ची कॉर्ड धरतो. कीबोर्डवाला विचारतो, ‘कोणता स्वर?’ गिटारवादक उत्तर देतो, ‘सी.’ कीबोर्डवाला पांढरी १ दाबतो आणि दोघे एकमेकांत बेसूर होतात. कुणाचीच बोटे चुकलेली नसतात. चुकते ते नाव. कॅपो लावल्यावर प्रत्येक तार एक अर्धस्वर वर गेली आहे, म्हणून हाताला सी वाटणारा स्वर प्रत्यक्षात सी शार्प, म्हणजेच काळी १ आहे, हे गिटारवादकाला माहीत असते तर क्षणात उलगडा झाला असता. अशा दोन-तीन प्रसंगांनंतर गिटार वाजविणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो व हळूहळू सरावाला येईनासा होतो. यात नुकसान त्या मुलाचे होते आणि मंडळाचेही.

सरावाचा क्रम

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच स्मरणाचे प्रयोग करून १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकलेले आपण आरंभी फार वेगाने विसरतो आणि एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर विभागलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे बसणे हिताचे. त्यानुसार चार आठवड्यांचा साधा क्रम आम्ही सुचवितो.

पहिला आठवडा: रोज गिटार सुरात लावावी व तार छेडताना तिचा क्रमांक आणि नाव दोन्ही म्हणावे. शेवटच्या दोन दिवसांत घरातल्या कुणीही क्रमांक सांगावा, मुलाने तार वाजवून नाव सांगावे. मग उलट, नाव सांगून तार शोधावी. ई म्हटले की ‘जाड की बारीक?’ असे मुलाने विचारले पाहिजे. तो प्रश्न विचारला म्हणजे त्याला समजले.

दुसरा आठवडा: ‘मोकळी, एक, तीन’ या घडणीच्या तारा घ्याव्यात. पहिली व सहावी एकाच नावाच्या असल्याने एकीचे स्वर आले की दुसरीचे आपोआप येतात. नंतर दुसरी तार जोडावी.

तिसरा आठवडा: पाचवी व चौथी तार, मग तिसरी. आठवड्याच्या अखेरीस सी पासून सी पर्यंतचे सप्तक नावे घेत वाजवावे.

चौथा आठवडा: नवे काही घेऊ नये. परिचित भक्तिगीताची एखादी ओळ कानाने शोधून वाजवावी व वाजलेल्या प्रत्येक स्वराचे नाव सांगावे. पाठ केलेले ज्ञान येथे कामाला लागते, आणि मुलाला पहिल्यांदा वाटते की हे वाद्य आपले आहे.

पालकांना दोन सूचना. ज्या दिवशी मूल चुकेल त्या दिवशी उत्तर सांगण्याऐवजी नियमाकडे बोट दाखवावे: ‘बी चा शेजारी कोण?’ एवढेच विचारावे. स्वतः मोजून काढलेले उत्तर ऐकलेल्या उत्तरापेक्षा जास्त दिवस राहते. आणि स्वतःला संगीत येत नाही म्हणून दूर राहू नये. क्रमांक विचारण्यासाठी संगीत यावे लागत नाही. या लेखातील सहा तारांची यादी हातात असली की पुरे. वय झालेल्यांनीही संकोच करू नये. निवृत्तीनंतर गिटार हाती घेणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. बोटांना थोडा अधिक वेळ द्यावा, एवढेच.

कपाटावरची गिटार खाली काढून तिच्या तारा पुसाव्यात, गंजल्या असतील तर नव्या घालाव्यात, ती सुरात लावावी व आज केवळ सहा नावे म्हणावीत. उरलेले स्वर शेजार मोजत मोजत येतील. आपल्या धर्मग्रामांतून नाव आणि नाद दोन्ही जाणणारे वादक घडोत, ही सदिच्छा.